दळीचा राखणदार

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरांवर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खालच्या रस्त्यावरून त्या दिसत नाहीत. पावसाळ्यात त्यांच्यावर धुके असते आणि उन्हाळ्यात कारवीच्या कुडाचा रंग वाळल्या गवतात मिसळून जातो. वाडीची पायवाट ओढ्याच्या कडेने चढते. आषाढात पुष्कळदा ती वाटच ओढा होते. आजारी माणसाला तेव्हा झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, चौघे जण खाली उतरवतात.

पाण्याला हा मुलूख तुटलेला नाही. मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येते, म्हणून रोह्याजवळ ती ऐन वैशाखातही वाहते. पेणच्या भोगेश्वरीवर हेटवणे धरण आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत जाते. त्याच मुलखात वरच्या उतारांवर मात्र होळी झाली की झरे आटू लागतात. खड्ड्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायला बायका पहाटेच्या अंधारात जाऊन बसतात. वाडीची तहान आणि खालची मुबलकता यांत अंतर काही कोसांचेच आहे, पण ते अंतर कोणत्याही आराखड्यात सहसा मोजलेले नसते.

या वाड्यांचे जगणे ज्या जमिनीवर उभे राहिले तिला दळी म्हणतात. दळी म्हणजे सरकारी जंगलातला, डोंगरउतारावरचा, कसण्यासाठी दिलेला तुकडा. १८७८ च्या वनकायद्यानंतर फिरत्या शेतीवर बंधने आली. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात डोंगरातल्या लोकांना ठरावीक उतार नाचणी-वरीसाठी राखून मिळाले. नोंद अनेक ठिकाणी एकेका कुटुंबाच्या नावे न होता गटाच्या नावे झाली. पुढे म्होरक्याचे नाव आणि मागे कसणारी सारी घरे. जमीन कसायची, पण ती आपली म्हणायची नाही, अशी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली.

दळीची शेती कष्टाची आहे. उन्हाळ्यात डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाला त्या राखेत नाचणी पेरायची, रोप हाताएवढे झाले की उपटून साऱ्या उतारावर लावायचे. नांगर चालत नाही तिथे कुदळ चालवायची. माती वाहून जाऊ नये म्हणून दगड रचून ताली घालायच्या. त्या दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतात आणि दर हिवाळ्यात पुन्हा रचाव्या लागतात. आजोबाने रचलेला दगड नातू ओळखतो, अशी ही जमीन.

स्वातंत्र्यानंतरही कागद बदलला नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या इतर वापरासाठी केंद्राची आगाऊ परवानगी लागू लागली आणि दळी कसणाऱ्यांच्या नावे होण्याची वाट आणखी अरुंद झाली. कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून मुकादमाची उचल, आणि उचल फेडायला दिवाळीनंतर वीटभट्टी किंवा कोळशाची भट्टी. भात-नाचणीची झोडणी आटोपली की वाडीतली घरेच्या घरे बंद होतात. मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळेच्या हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते.

याच पेण तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत, गागोदे गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी त्यांनी जमीन मागितली, तिथून भूदान सुरू झाले आणि त्यासाठी विनोबा देशभर वर्षानुवर्षे चालत राहिले. त्यांच्या जन्मगावाभोवतीच्या डोंगरांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर नव्हती. भूदानात जमिनीच्या धन्याला देण्याची विनंती होती. दळीवर धनी सरकार होते, आणि सरकारकडे हक्क मागायला वाडीतल्याच कोणीतरी उठावे लागले.

अशा वाड्यांत बहुधा एखादा माणूस असतो ज्याने ही गोष्ट मनाला लावून घेतलेली असते. तो फारसा शिकलेला नसतो. जुनी दळीची नोंद, दंडाच्या पावत्या आणि पूर्वी दिलेल्या अर्जांच्या नकला तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवतो, कारण वाळवी भिंतीतून येते आणि पाऊस छपरातून. भट्टीवर जातानाही ती पिशवी तो बरोबर नेतो. तालुक्याच्या ठिकाणी जायचा दिवस म्हणजे मजुरी बुडण्याचा दिवस, हे ठाऊक असून तो पहाटे उतरतो. साहेब दौऱ्यावर आहेत असे कळले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतो. वाडीत त्याला कोणी पुढारी म्हणत नाही. पण बाळंतिणीला खाली न्यायचे असो की रेशनकार्डावर नाव चढवायचे असो, लोक त्याच्याच दारात येतात.

रायगडात सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांनी अशा माणसांना एकत्र आणले. उल्का महाजन, सुरेखा दळवी या कार्यकर्त्यांनी दळीचा प्रश्न वाडीच्या बाहेर, मोर्चांत आणि कचेऱ्यांत नेला. देशभरच्या अशा लढ्यांतून २००६ चा वनहक्क कायदा आला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत आले तिच्यावर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, त्याचा हक्क या कायद्याने मानला. तो हक्क वारसाला मिळतो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. पुराव्यात सरकारी कागदाबरोबरच जमिनीवरची ताल, विहीर, स्मशान, देवाचे ठिकाण आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

वनहक्क समिती दावा पडताळायला दळीवर चढते तो तास या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा आहे. समितीतले लोक वाडीतलेच असतात, सोबत वनरक्षक आणि तलाठी. दावेदार पुढे चालतो. हद्दीचा ऐन, पलीकडचा खैर, मधली ताल तो हाताने दाखवत जातो आणि त्याच्या मागून मोजणीचे यंत्र फिरते. मग एखाद्या म्हातारीला बसवून विचारले जाते, ही जमीन हे घर कधीपासून कसते. तिला सन सांगता येत नाही. कोयनेचा भूकंप झाला त्या साली इथे नाचणी होती का, जांभूळपाड्याला अंबा नदीच्या पुराने बुडवले त्या पावसात इथली ताल कोणी बांधली, असे विचारले की ती न थांबता सांगते. भूकंप डिसेंबर १९६७ चा आणि पूर जुलै १९८९ चा, हे लिहिणारा कागदावर उतरवतो. तिच्या अंगठ्याचा ठसा उमटतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आठवणीला कोणी किंमत दिली नव्हती, ती त्या ठशापाशी पुरावा ठरते. पिशवी सांभाळणारा माणूस त्या वेळी बाजूला उभा असतो आणि एकही नाव सुटू नये म्हणून ओठांत घरे मोजत असतो.

दाव्यानंतर वाट येते. याच कायद्यात रस्ता, पिण्याचे पाणी, अंगणवाडी, शाळा, वीज अशा गरजांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. अट अशी की हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तुटू नयेत. ही तरतूद ठाऊक असणारा एक माणूस वाडीत असला तर जंगलातून रस्ता होणारच नाही हे ठरलेले उत्तर तो ऐकून घेत नाही. तो ग्रामसभेत ठराव मांडायला लावतो, नक्कल घेतो आणि मंजुरी येईपर्यंत वाडीला घेऊन श्रमदानाने वाट रुंद करतो. झोळीला चारांऐवजी दोन माणसे पुरावीत एवढी का होईना.

या डोंगरांना आता दोन गोष्टींनी घेरले आहे. पायथ्याच्या जमिनी शहरातल्या पैशाने विकत घेतल्या जात आहेत. जिथून वाडी बाजाराला जायची तिथे कुंपणे आणि फाटके उभी राहतात. शेवळं आणि कंटोली या रानभाज्या घेऊन पेणच्या, रोह्याच्या बाजारात निघालेल्या बायकांना वळसा पडतो. दुसरी गोष्ट दरडींची. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला, आणि शोध थांबवला गेला तेव्हाही अनेक माणसे सापडली नव्हती. तेव्हापासून उतारावरच्या प्रत्येक वाडीत खाली उतरावे की नाही हा प्रश्न बसला आहे. जीव वाचवायला सुरक्षित जागेवर पक्के घर हवेच. पण घर खाली आले म्हणून वरच्या दळीवरचा हक्क सुटता कामा नये, ही वाडीची मागणी न्याय्य आहे. पुनर्वसनाच्या कागदावर घराबरोबर दळीचीही नोंद झाली नाही तर एका संकटातून सुटलेले लोक पुन्हा भट्टीच्या वाटेला लागतील.

वनहक्काचा पट्टा हाती आल्याने सगळे सुटत नाही. उतारावर पाणी अडवावे लागते, आंबा-काजूची लागवड जगवावी लागते, मंजूर क्षेत्र कसलेल्या क्षेत्राहून कमी भरले तर पुन्हा अपील करावे लागते. ही सर्व कामे लांब पल्ल्याची आहेत आणि ती टिकतात ती कोणीतरी एकाने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून. अशा माणसाच्या कामाचे माप रस्त्याच्या लांबीत किंवा पट्ट्यांच्या संख्येत पूर्ण येत नाही. दिवाळीनंतर वाडीत किती घरांची दारे उघडी राहिली आणि किती मुले माघ-फाल्गुनातही शाळेत बसली, यावर ते मोजावे.