दुसऱ्या सीझनची साडेसाती

जरा डोळ्यांसमोर आणा. एक माणूस आपल्या धाकट्या भावाला मिठीत घेऊन आकाशात उंच उंच उडालाय. भाऊ कुठल्याही क्षणी अणुबॉम्बसारखा फुटणार आहे. वर अंधारात एक प्रचंड स्फोट... आणि सीझन संपला! आता चार महिने बसा नखं खात. चार महिन्यांनी कळतं, की तो फुटलेला भाऊ आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आहे. गोदीतल्या एका रिकाम्या कंटेनरमध्ये, बांधलेल्या अवस्थेत. आणि त्याला काहीही आठवत नाही. स्वतःचं नावसुद्धा नाही!

स्मृतिभ्रंश! म्हणजे आपल्या मराठी सिरियलींना आपण ज्यावरून हसतो, ते अमेरिकेतल्या सगळ्यात चर्चेच्या सुपरहीरो मालिकेने 2007 साली खुशाल करून टाकलं. मालिकेचं नाव 'हीरोज'. आणि हा सगळा लेख तिच्या दुसऱ्या सीझनवरच्या रागातून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर 2006 मध्ये एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर 'हीरोज' सुरू झाली. टिम क्रिंग हा तिचा कर्ता. पहिलाच एपिसोड साधारण 1 कोटी 40 लाख लोकांनी पाहिला. तिचा फंडा सोपा होता. केप नाही, मुखवटा नाही, घट्ट चड्ड्या नाहीत. साध्यासुध्या माणसांना एके दिवशी कळतं, की आपल्यात काहीतरी भलतंच आहे. टेक्सासमधल्या शाळेतल्या चीअरलीडर मुलीला कितीही लागलं तरी जखम भरून येते. लॉस एंजेलिसच्या हवालदाराला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, पण बिचारा डिटेक्टिव्हच्या परीक्षेत सारखा नापास होतो. मद्रास विद्यापीठातला मोहिंदर सुरेश वडिलांच्या मृत्यूचं कोडं सोडवायला न्यूयॉर्कला जातो आणि तिथे टॅक्सी चालवतो.

पण आपला माणूस म्हणजे हिरो नाकामुरा. टोकियोतल्या ऑफिसात, शेकडो एकसारख्या क्युबिकल्समधल्या एका क्युबिकलमध्ये बसलेला, गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला. तो समोरच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघतो. बघतो, बघतो, आणि सेकंदकाटा एक घर मागे सरकतो! दुपारी साडेतीन वाजता एक्सेल शीटपुढे बसून हे तुम्ही कधी केलं नसेल तर सांगा. (आपला काटा सरकत नाही, एवढाच काय तो फरक.)

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. मावशीकडे सुट्टीत राहायला गेले की माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे नुसतं दादाच म्हणतो, रात्री लॅपटॉप उघडायचा. त्याला हिंजवडीत पहिली नोकरी लागली होती आणि कुठल्या तरी मित्राच्या पेन ड्राइव्हवर दर आठवड्याला नवा एपिसोड यायचा. माझं इंग्रजी अगाध. मग दादा शेजारी बसून मराठीत रनिंग कॉमेंट्री करायचा. हिरोच्या जपानी बोलण्याची सबटायटल्स तो सोलापुरी हेल काढून वाचायचा. मला कित्येक दिवस वाटायचं, की हिरो मूळचा तिकडचाच. ज्या दृश्यांत कवटी कापलेली दिसायची तिथे तो माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचा. त्यामुळे सायलर नावाच्या खलनायकाचं काम मी बरीच वर्षं फक्त कानांनी पाहिलं होतं.

आता दादा बंगलोरला असतो. चाळिशी पार, दोन मुलं, कानाच्या मागे पांढरे केस. गेल्या दिवाळीत त्याने मावशीच्या माळ्यावरून ती जुनी हार्डडिस्क काढली आणि कमाल म्हणजे ती चालली! कॉपी करून मला दिली. तेव्हापासून आमचा नेम आहे. शुक्रवारी रात्री दहाला तो तिकडे, मी इकडे पुण्यात, फोन स्पीकरवर, 'तीन, दोन, एक' म्हणून दोघांनी एकदम प्ले दाबायचं. वहिनी म्हणते, असली पूजा आमच्याकडे सत्यनारायणाचीही होत नाही.

पहिले 23 एपिसोड आम्ही अधाशासारखे संपवले. अजूनही सॉलिड आहेत, माझ्यावर विश्वास ठेवा. कारण पहिल्याच एपिसोडपासून अंगात एक घड्याळ टिकटिकत असतं. 8 नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये स्फोट होणार, हे हिरो भविष्यात जाऊन बघून आलाय. चीअरलीडरला वाचवा, जग वाचेल, असा निरोप भविष्यातून येतो. विखुरलेली ही सगळी माणसं त्या एका तारखेकडे ओढली जात राहतात. आणि सतराव्या एपिसोडबद्दल, 'कंपनी मॅन'बद्दल, मी वेगळा लेख लिहू शकते. क्लेअरचा बाप नोआ बेनेट, कागदाचा सेल्समन म्हणून मिरवणारा, खरं तर शक्ती असलेल्या माणसांना पकडणाऱ्या टोळीतला. त्याला स्वतःची मुलगी आणि नोकरी यातलं एक निवडावं लागतं. एका घरात, काही तासांत घडणारी गोष्ट. तो एपिसोड ज्याने लिहिला तो ब्रायन फुलर पहिल्या सीझननंतर स्वतःची मालिका करायला निघून गेला. ती पोकळी नंतर जाणवते.

मग आला दुसरा सीझन.

पीटर आयर्लंडमध्ये स्मृती शोधतोय, तर हिरो पोहोचलाय 1671 सालच्या जपानात. लहानपणी ज्याच्या गोष्टी ऐकल्या तो महान योद्धा प्रत्यक्षात दारुडा गोरा निघतो. कल्पना छान आहे, दोन एपिसोड मजा येते. पण हिरो तिथून हलतच नाही! बाकीची मंडळी अमेरिकेत, हा तिकडे प्रेमात. मध्य अमेरिकेतून माया आणि अलेहांद्रो ही जुळी भावंडं सीमेकडे निघाली आहेत. माया रडली की डोळ्यांतून काळं पाणी येतं आणि आजूबाजूची माणसं मरतात. भाऊ हात धरतो, ती शांत होते. पुढच्या एपिसोडला पुन्हा रडते. पुन्हा हात. चीअरलीडरला एक उडणारा बॉयफ्रेंड मिळालाय आणि जगाला वाचवायचं सोडून ती त्याच्याबरोबर ढगात फिरतेय. चौथ्या एपिसोडला मी फोनवर जाहीर केलं, की मी चहा टाकायला जाते, माया रडायची थांबली की हाक मार.

आणि मग नववा एपिसोड. नोआच्या डोळ्यात गोळी लागते. मेला. एवढं वजनदार पात्र, खरोखर मेलं. मी सोफ्यावर ताठ बसले. आणि शेवटच्या मिनिटात तो एका लॅबमधल्या खाटेवर, हाताला नळी लावलेली, डोळा उघडतो. क्लेअरचं रक्त चढवलंय, जखम भरून येतेय. झालं! मी फोनमध्ये ओरडलेच. म्हटलं, आता या मालिकेत कोणी का मरावं? प्रत्येकाने घरी एक बाटली ठेवावी की फ्रीजमध्ये!

पलीकडून दादाचा आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली.

"अगं," तो म्हणाला, "मला हा एपिसोड आवडतो."

मी हसले. कोणालाही हा आवडणं शक्यच नव्हतं. मग त्याने शांतपणे सांगितलं. नोव्हेंबर 2007 मध्ये काकांची बायपास झाली होती, हे मला माहीत होतं. आम्हा मुलांना त्या वेळी दवाखान्यात नेलं नव्हतं, एवढंच माझ्या आठवणीत. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा, एकुलता एक. ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबेना. त्याला रक्तदाते गोळा करायला सांगितलं. रात्री दीडपर्यंत तो फोनवर होता, कॉलेजच्या मित्रांना, ऑफिसातल्या नुसत्या तोंडओळखीच्या लोकांना विचारत. चौघे आले. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून त्याने कॉरिडॉरमध्ये बसून लॅपटॉप उघडला आणि पेन ड्राइव्हवरचा नवा एपिसोड लावला. हेडफोनचा एकच कान चालू होता. दुसरा कान त्याने दरवाज्याकडे ठेवला होता.

"नोआ मेला तेव्हा मी लॅपटॉप बंद करणार होतो," तो म्हणाला. "केला नाही, बघ."

काका त्यातून वाचले. पुढे अकरा वर्षं होते. माझ्या मास कॉमच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर कोणता कोर्स लिहायचा यावरून घरी वाद झाला तेव्हा माझ्या बाजूने बोलणारे तेच होते.

आता सांगा, यावर मी काय बोलणार? त्या रात्री काहीच बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी मात्र बोलले, कारण दादाला माझी गप्प बसायची सवय नाही आणि त्याने विचारलंच, की तुझं मत बदललं का. नाही बदललं. त्या कॉरिडॉरमध्ये तो एपिसोड जे करून गेला ते खरं आहे. आणि तो एपिसोड कथेची वाट लावतो, हेही खरं आहे. मरण परत घेता येतं म्हटल्यावर बघणाऱ्याला भीती उरत नाही, आणि भीती नसेल तर 'हीरोज'मध्ये बघायचं काय?

मग त्याने वकिली सुरू केली. संप झाला होता, म्हणाला, लेखकांचा. बरोबर आहे. हॉलिवूडच्या लेखकांचा संप 5 नोव्हेंबर 2007 ला सुरू झाला आणि 12 फेब्रुवारी 2008 पर्यंत, म्हणजे शंभर दिवस चालला. डीव्हीडी आणि इंटरनेटवरच्या कमाईतला वाटा हा मुद्दा होता. त्यात दुसरा सीझन 11 एपिसोडांतच गुंडाळावा लागला. विषाणूची मोठी साथ पसरणार होती ती गोष्टच रद्द झाली. शेवट बदलून पुन्हा शूट केला आणि पीटर ती विषाणूची कुपी हवेतच झेलतो. पण संप सुरू झाला तोवर अर्धाअधिक सीझन दाखवून झाला होता, त्याचं काय? खुद्द टिम क्रिंगने त्याच नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाला मुलाखत देऊन कबूल केलं, की वेग फार संथ होता, हिरोला जपानात फार काळ ठेवलं आणि प्रेमकथा जमल्या नाहीत. आपल्याकडे कुठल्या सिरियलच्या निर्मात्याने सीझन चालू असताना असं म्हटल्याचं ऐकलंय?

माझं मत विचाराल तर खरं दुखणं त्याहून जुनं होतं. क्रिंगचा मूळ विचार दर सीझनला नवी माणसं आणायची असा होता. पण हिरो, क्लेअर, सायलर इतके लाडके झाले, की त्यांना सोडवेना. चॅनेललाही आणि आपल्यालाही. पीटर तर जवळ येईल त्याची शक्ती उचलतो. पहिल्या सीझनअखेर त्याच्याकडे सगळंच आहे. अशा माणसाला अडचणीत कसं टाकणार? म्हणून मग स्मृती काढा, नंतर शक्ती काढून घ्या, मग एका वेळी एकच शक्ती द्या... तिसऱ्या सीझनमध्ये आपला सज्जन मोहिंदर स्वतःला इंजेक्शन टोचून अंगावर खवले उगवून घेतो, त्यावर मी काही बोलत नाही. 2010 च्या फेब्रुवारीत शेवटचा एपिसोड लागला तेव्हा बघणारे पन्नास लाखांच्याही खाली आले होते. 2015 मध्ये 'हीरोज रीबॉर्न' नावाने पुन्हा प्रयत्न झाला, तोही 13 एपिसोडांत आटोपला.

एक गोष्ट मात्र दादालाही माफ करता येत नाही. केटलिन. आयर्लंडमधल्या बारमधली ती मुलगी, जिने पीटरला आसरा दिला. पीटर तिला घेऊन भविष्यात जातो, साथीने ओस पडलेल्या न्यूयॉर्कमध्ये. तिथे दोघांची ताटातूट होते आणि तो एकटाच परत येतो. नंतर ते भविष्य घडायचंच टळतं. म्हणजे ती आता कुठे आहे? मालिकेने पुढे कधी तिचं नावही घेतलं नाही. एवढा मोठा सुपरहीरो, काळात मागेपुढे जाऊ शकणारा, आणि त्याला तिला शोधावंसं वाटलं नाही.

दादाच्या मते पीटर तिला ऑफ-स्क्रीन आणून सोडतो, कॉर्कला, तिच्या बारमध्ये. याला कसलाही पुरावा नाही. तिसरा सीझन सुरू करायचा का, यावर आमचं अजून एकमत नाही. या शुक्रवारी पुन्हा 'कंपनी मॅन' लावायचं ठरलंय.