तैलपायिका

मार्च २०२४ मधली संध्याकाळ. महाविद्यालयातल्या चर्चासत्रासाठी आलेल्या एका ज्येष्ठ समीक्षकांना मी मिरज स्थानकावर सोडायला निघाले होते. गाडी महिन्याभरापूर्वी घेतलेली. नवी नव्हे, आठ वर्षे दुसऱ्या कोणी वापरलेली, पण माझ्या नावावरची पहिली. दिवेलागणीची वेळ होती. सर वास्तववादाविषयी बोलत होते आणि मी हुंकार देत गर्दीतून वाट काढत होते. इतक्यात डॅशबोर्डच्या जाळीतून एक बदामी रंगाचे छोटे झुरळ बाहेर आले, समोरच्या काचेवरून निवांत चालत सरांच्या बाजूला गेले आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशवीवर उतरले. सरांनी ते टिचकीने उडवले आणि म्हणाले, "तुमच्या गाडीत कुणी तरी बिऱ्हाड केलेलं दिसतंय."

मी हसले आणि चटकन म्हणाले, "जुनी गाडी ना सर. आधीच्या मालकांची आहेत ती."

पुढे जे काही घडले ते या एका वाक्यामुळे मला लिहावेसे वाटते आहे. झुरळांचा प्रश्न सुटला. वाक्याचा सुटलेला नाही.

झुरळ दिसले की बाईला प्रथम लाज वाटते, भीती नंतर. पुरुष सहकाऱ्याच्या गाडीत बिस्किटांचा पुडा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चिखलाचे बूट असले तर त्याला 'कामाचा माणूस' म्हणतात. माझ्या गाडीत झुरळ निघाल्याचे स्टाफरूममध्ये कळले तेव्हा एका बाईंनी अगदी मायेने विचारले, "घरीही आहेत का हो?" त्या प्रश्नाने मी दोन रात्री ओट्याखालचे कोपरे बॅटरी घेऊन तपासले. घरात नव्हती. तेव्हा आणखीच खात्री पटली, की ही घाण आपली नाही.

सुरुवातीचे उपाय सांगून करण्यासारखे नव्हते, पण मी ते सगळे केले. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. झुरळे राहिली, माझे डोके मात्र दुखू लागले. तमालपत्रे ठेवली, गाडीला मसालेभाताचा वास आला. मग बाजारातला फवारा आणून, काचा बंद करून, सगळा डबा आत रिकामा केला. सकाळी सात मेलेली झुरळे मिळाली आणि मला विजयाचा आनंद झाला. आठवड्याने ती मागच्या दिव्यांपाशी आणि दरवाज्यांच्या अस्तरातही दिसू लागली. मे महिन्यात कोणी तरी सांगितले म्हणून गाडी दिवसभर उन्हात उभी केली. बंद गाडीतली हवा आपल्याकडच्या उन्हात भाजून काढते हे खरे. पण कार्पेटखाली आणि पत्र्याच्या पोकळ्यांत तेवढा ताप पोचत नाही. झुरळाला तेवढी सावली पुरते.

शेवटी मी आधीच्या मालकीणबाईंकडे गेले. त्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे पोचवतात. मिरज हे दवाखान्यांचे गाव; कर्नाटकातून, कोकणातून माणसे इथे येऊन आठ-पंधरा दिवस व्हरांड्यात काढतात, आणि त्यांच्या पोटाची सोय अशा कोणी तरी बाई करत असतात. आठ वर्षे ही गाडी रोज दोन वेळा त्यांचे डबे वाहत होती. मागच्या सीटखालच्या कार्पेटवर तेलाचे गोल डाग होतेच. संस्कृतात झुरळाला 'तैलपायिका' म्हणतात, म्हणजे तेल पिणारी. एका शब्दात माझा सगळा पुरावा होता.

काकींनी मला स्वयंपाकघरातच बसवले. ते माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होते हे मला दिसत होते आणि मी ते पाहायचे टाळत होते. माझी तक्रार त्यांनी पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मॅडम, रोज शंभर डबं जायचं त्या गाडीतनं. एकात जरी झुरळ निघालं असतं तर माणसांनी डबा तोंडावर मारला असता की." मग जरा थांबून, "डाग असतील. आमटी सांडायची कधी कधी. झुरळ नव्हतं." त्यांनी चहा दिला, बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या कशा करायच्या ते सांगितले. मी चहा घेतला आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवता परत आले.

जूनमध्ये एका कीटकनियंत्रण करणाऱ्या मुलाला बोलावले. वय बावीस-तेवीस, हातात एक पाना, एक बॅटरी आणि औषधाची एक छोटी पिचकारी. मी फवाऱ्याचे सांगताच त्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, फवारा मारला की ती पळत्यात. पांगत्यात. ह्यांना मारायचं तर खायला घालायला लागतंय."

त्याने आधी गाडी जवळजवळ सोलली. पुढच्या सीटा काढल्या, कार्पेट उचलले, स्टेपनीची जागा उघडली, हातमोज्यांच्या कप्प्यामागचा हवेचा फिल्टर ओढून काढला. त्या फिल्टरच्या घड्यांत ती होती, आणि त्यांची अंड्यांची पाकिटे. ही जात 'जर्मन झुरळ' म्हणून ओळखली जाते; अर्धा-पाऊण इंच लांब, मानेमागे दोन काळ्या रेघा. मादी आपले अंड्यांचे पाकीट पिल्ले बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत पोटाशी बाळगून फिरते आणि एकेका पाकिटात तीस-चाळीस जीव असतात. म्हणून एकदा मारून भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. व्हॅक्यूमने एकेक फट साफ झाल्यावर त्याने बिजागऱ्यांपाशी, सीटच्या रुळांखाली, डॅशबोर्डच्या पोटात औषधाचे मसुरीएवढे ठिपके दिले. त्यात गोड, खाण्याजोगे काही असते आणि हळू चढणारे विष असते. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत परतते आणि तिथे मरते. बाहेर न पडणारी पिल्ले त्याची विष्ठा खातात, मेलेले शरीरही खातात, आणि विष त्यांच्यापर्यंत पोचते. "घरपोच जातंय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना किळस होती ना दया. ठिपके देताना तो झुरळांशी पुटपुटत होता, "या, या बाहेर."

ते ऐकताना मला काफ्काच्या कथेतली मोलकरीण आठवली. पंधरा वर्षे मी 'मेटॅमॉर्फसिस' वर्गात शिकवते आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत ग्रेगोर साम्सा नेमका कोणता कीटक झाला हे काफ्का सांगत नाही. मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये, दुरूनसुद्धा दाखवू नये, असे त्याने प्रकाशकाला बजावले होते. मूळ जर्मन शब्दाचा व्युत्पत्तीने जाणारा अर्थ 'बळी देण्यासही अपात्र असा प्राणी' असा आहे. तरी आपण सगळे वर्गात सर्रास 'झुरळ' म्हणतो. मी दर वर्षी ग्रेगोरच्या बाजूने शिकवत आले. वडील सफरचंद फेकून मारतात तेव्हा माझा आवाज कापरा होतो. ज्या बहिणीने त्याला खाऊ घातले तीच शेवटी त्याला भाऊ म्हणायचे सोडते आणि 'ह्यापासून सुटका करून घेतली पाहिजे' असे म्हणते, तिथे मी वर्गाला जरा वेळ शांत ठेवते. ग्रेगोरशी न घाबरता सरळ बोलते ती म्हातारी मोलकरीण. ती त्याला शेणकिडा म्हणून हाका मारते, पण हाक तर मारते. शेवटी तीच त्याला झाडून टाकते.

मी या चार महिन्यांत कोणाच्या बाजूला होते? सहानुभूती शिकवणे मला जमते. पण स्वतःच्या फिल्टरमध्ये वळवळ दिसताच माझ्या तोंडून आले ते बहिणीचे वाक्य. यात मला अपराधी वाटत नाही. झुरळे मारायलाच हवी होती. त्यांच्यामुळे दमाही बळावतो आणि माझ्या गाडीत लहान मुलेही बसतात. मला खुपते ते वेगळेच. सुटका करून घेण्याच्या त्या वाक्याला मी एक माणूसही जोडला होता.

झालेही असे. कार्पेट उलटे केल्यावर खाली भाताची वाळलेली शिते निघाली, ती काकींची. पण ड्रायव्हरच्या सीटखाली शेव, चिरमुरे, बिस्किटांचा चुरा यांचा थर होता, तो माझा. सकाळी सव्वासातच्या तासिकेला पोचायचे म्हणून मी न्याहारी गाडीत करते. आणि डिकीत एक पुठ्ठ्याचे खोके होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी विभागाला दिलेले जुन्या नियतकालिकांचे अंक मी फेब्रुवारीत, म्हणजे गाडी घेतल्या घेतल्या, त्यातून आणले होते. अंक ग्रंथालयात गेले, खोके तिथेच राहिले. त्या मुलाने खोक्याची कड फाडून पुठ्ठ्याच्या नळ्या मला बॅटरीत दाखवल्या. आत रिकामी पाकिटे होती. "पुठ्ठ्यातनं लय येत्यात," तो म्हणाला.

म्हणजे झुरळे त्या खोक्यातून आली का? असेल. की गाडीतली झुरळे खोक्यात राहायला गेली? तेही असेल. हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. पण स्थानकाच्या वाटेवर मी जे वाक्य बोलले त्यात शंकेला जागा नव्हती.

झुरळ नेहमी दुसऱ्याचे असते. ही खोड एकट्या माझी नाही. या जातीला लिनेअसने १७६७ साली 'जर्मन' हे नाव दिले. रशियन भाषेत तिला 'प्रशियन' म्हणतात आणि जर्मन लोक तिला 'रशियन' म्हणत. प्रत्येकाने ते शेजाऱ्याच्या दारात ढकलले. मी सीटखाली बॅटरी मारत होते त्याच २०२४ च्या मे महिन्यात सतरा देशांतल्या झुरळांची जनुके तपासणारे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यानुसार हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी एका आशियाई रानझुरळापासून वेगळे झाले, भारतात किंवा म्यानमारमध्ये, माणसांच्या वस्तीला चिकटून. युरोपात ते फार उशिरा गेले. म्हणजे जर्मनही नाही, रशियनही नाही. आपल्याच कोठारांतले असण्याचा संभव अधिक.

शेजाऱ्याच्या दारात ढकलण्याची पुढची पायरी म्हणजे शेजाऱ्यालाच झुरळ म्हणणे. १९९४ मध्ये रवांडातल्या रेडिओवरून तुत्सी लोकांना 'झुरळे' म्हटले जात होते, आणि तीन महिन्यांत लाखो माणसे मारली गेली. त्या भयंकराशी माझ्या गाडीची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. एवढेच म्हणते की 'घाण त्यांची' हे वाक्य बोलायला फार सोपे असते, सभ्य माणसांनाही, सभ्य आवाजातही. आपल्या समाजात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या घरी पाणी प्यावे याचा इतिहास या वाक्याच्या पाठीशी उभा आहे. डबे करणाऱ्या बाईकडे बोट दाखवताना मला पुराव्याची गरज का भासली नाही, याचे उत्तर त्या इतिहासात असावे.

दुसऱ्यांदा ठिपके दिले गेले, चिकट सापळे ठेवले. पहिल्या रात्री एकोणीस झुरळे मिळाली, पंधरा दिवसांनी चार, मग एक, आणि ऑगस्टपासून एकही नाही. गाडीत खाणे मी बंद केले आहे. खोके जाळले. फिल्टर बदलला. तेलाचे डाग मात्र गेले नाहीत. ते आता कोणाच्या विरुद्धचा पुरावा राहिलेले नाहीत, आठ वर्षांच्या कामाच्या खुणा आहेत.

सापळे रिकामे आले की काकींना फोन करायचा, खोक्याचे सांगायचे, असे मी तेव्हा ठरवले होते. सापळे रिकामे होऊन वर्ष उलटून गेले. त्यांच्या घरावरून मी अजूनही रोज सकाळी सातच्या आत जाते. स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो.