अक्षरे कापण्याचे यंत्र

लेसर कटिंगचे यंत्र घ्यायचे म्हटले की जो तो पहिला प्रश्न एकच विचारतो : किती वॅटचे? विक्रेता तेच विचारतो आणि हितचिंतकही तेच. एखाद्या कवितेविषयी बोलताना ती किती ओळींची आहे एवढेच विचारावे, तसा हा प्रकार. आम्ही तिघे मिळून नामफलक, ग्रंथालयांच्या पाट्या आणि प्रदर्शनांची मांडणी अशी कामे करणारी एक लहानशी कार्यशाळा चालवतो. यंत्राच्या शोधात काही महिने घालवल्यावर आमच्या ध्यानी आले ते असे, की शक्तीचा प्रश्न बऱ्याच उशिरा येतो. त्याआधी काय कापायचे हे ठरवावे लागते, आणि त्याच्याही आधी काय कापायचे नाही हे.

प्रकाश आणि पदार्थ यांच्या नात्यात पक्षपात फार. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते. लाकूड, कागद, कापड, ॲक्रिलिक हे पदार्थ हा किरण शोषून घेतात आणि त्या रेषेवर जळून किंवा वाफ होऊन जातात; चकचकीत धातू मात्र त्याला बहुतांशी परतवून लावतो. फायबर लेसरची तरंगलांबी याच्या सुमारे एक दशांश. तो पोलादाचा पत्रा कापतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून काचेतून उजेड जावा तसा निघून जातो. लहान, स्वस्त यंत्रांतल्या निळ्या डायोड लेसरचेही पारदर्शक ॲक्रिलिकपुढे असेच होते. म्हणजे जात चुकली तर वॅट वाढवून उपयोग नाही. आमचे काम लाकडाचे आणि ॲक्रिलिकचे, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड लेसर हे आपोआपच ठरले. या लेसरचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. १९६४च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी हा लेसर सिद्ध केला. यंत्र निवडताना या माहितीचा काही उपयोग होत नाही. पण परक्या वाटणाऱ्या वस्तूचे गाव कळले की तिच्याशी बोलणे थोडे सोपे जाते.

यंत्राचे प्रात्यक्षिक पाहायला आम्ही आमच्या ज्येष्ठ कारागिरांना सोबत नेले होते. फ्रेटसॉने अक्षरे कापण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. विक्रेत्याने इंग्रजी नावे सफाईने कापून दाखवली. काका शांतपणे म्हणाले, “मराठी कापून दाखवा. ह्याला काना-मात्रा कळते का, ते बघू.”

यंत्राला अक्षर कळत नाही, बाह्यरेषा कळते. संगणकावरच्या बहुतेक देवनागरी टंकांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. कागदावर ती एकसंध दिसते. पण त्या रेषा तशाच यंत्राकडे पाठवल्या, तर जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथेही किरण फिरतो आणि शब्दाचे तुकडे हाती येतात. म्हणून आधी सगळे आकार जोडून घ्यावे लागतात. कोरलड्रॉमध्ये याला ‘वेल्ड’ म्हणतात. एकदा ते केले की मात्र आपली लिपी मोठी सोयीची ठरते. रोमन अक्षरे एकेक करून चिकटवावी लागतात. मराठी शब्द शिरोरेषेला लटकून सबंध उचलता येतो. ‘ग’ आणि ‘ण’ यांचा सुटा दंडही तीच सांभाळते. सांभाळत नाही ती अनुस्वाराला. तो सुटा पडतो, आणि लहान असला तर यंत्राच्या मधपोळ्यासारख्या जाळीतून खाली जातो. ‘वंदन’ कापावे आणि हाती ‘वदन’ यावे, असे ते. त्या दिवशी अनुस्वार ट्रेमधून शोधून काढला तो काकांनीच.

त्यानंतर वॅटचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. आमची जाडी बहुधा ३ ते ६ मिलिमीटर; तिला ८० वॅट पुरतात. आरएफ नळी अधिक टिकते आणि तिचे कोरीव काम अधिक बारीक असते, पण ती फार महाग. आमच्या मोठ्या अक्षरांना काचेची नळी चालते. तिला थंड पाण्याचा अखंड पुरवठा मात्र हवा, तो थांबला तर नळीला तडा जाऊ शकतो. पृष्ठभाग १३०० बाय ९०० मिलिमीटरचा घेतला, कारण आठ बाय चार फुटांच्या शीटचे तीन समान भाग केले की एकेक भाग त्यावर बसतो.

खरा वाद झाला तो पीव्हीसीवरून. फलकांच्या धंद्यात पीव्हीसीच्या फोमशीटला फार मागणी असते. ती हलकी, स्वस्त आणि पावसाला दाद न देणारी. परंतु लेसरने ती कापली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही गंजवणारा. पुष्कळसे रेक्झिनही पीव्हीसीचेच असते. “एखाददुसरा तुकडा कापला तर काय बिघडते?” असा प्रश्न आमच्यातूनच आला. आमची जागा निवासी इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि वर माणसे राहतात, हे त्याचे उत्तर होते. मग ठरले ते असे : जास्त वॅटवर जाणारे पैसे धूर ओढणाऱ्या पंख्यावर, गाळणीवर आणि गच्चीपर्यंत जाणाऱ्या नळावर घालायचे, कारण लाकूड व ॲक्रिलिक यांचाही धूर निरुपद्रवी नसतो. यंत्र चालू असताना जवळ माणूस हवाच, आगीची भीती असते. शंकास्पद प्लास्टिक आले तर तांब्याची तापलेली तार त्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर ते शीट यंत्राखाली जाणार नाही.

पीव्हीसीची अक्षरे यापुढेही फ्रेटसॉनेच कापली जातील, म्हणजे काकांचे टेबल आहे तिथेच राहील. हे आम्ही त्यांच्यावरील मायेपोटी ठरवलेले नाही, रसायनशास्त्राने ठरवले. त्यामुळे काही घाईची कामे दुसरीकडे जातील, तो तोटा हिशेबात धरला आहे. यंत्र पुढच्या महिन्यात येईल. सध्या गच्चीपर्यंतच्या नळाचे काम चालू आहे.