खात्याला ठाऊक नसलेला ऋतू

वर्गात वसंताची कविता शिकवताना मला गंमत वाटते. हा ऋतू पंचांगात आहे, काव्यात आहे. हवामान खात्याच्या दफ्तरी मात्र नाही! तिथे फेब्रुवारीअखेर थंडी संपली, की मार्च ते मे सरळ उन्हाळा. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी)लाही तेच पटते. कोकणात खारा वारा उन्हाची धार बोथट करतो, सह्याद्रीच्या माथ्यावर उंचीमुळे गारवा टिकतो. आमच्यापाशी ना समुद्र, ना तेवढी उंची. शिवारात पळस पेटला, की पाठोपाठ ऊनही पेटते.

पण शेतकऱ्याला धास्ती उन्हाची नसते. गहू-हरभरा ऐन काढणीला आलेला असतो. अशा वेळी खाली तापलेली जमीन, उपसागरावरून आलेली ओली हवा आणि वर थंडगार थर एवढे जुळले, की गारा कोसळतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने हे भोगले आहे. म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा ‘उद्या गारपीट’ हा आदल्या दिवशीचा इशारा इथे लाखमोलाचा. कोकिळ खुशाल ओरडो. ताडपत्रीखालची रास कोरडी घरात आली, की आंजीत वसंत आला म्हणावे!