ज्वालामुखीची राख, भांड्यावरची काच

१/ रविवार, १८ मे १९८०. सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू ढासळली आणि ज्वालामुखीचा स्फोट झाला. ५७ माणसे मृत्युमुखी पडली. हा थ्रेड त्या स्फोटातून उरलेल्या राखेविषयी.

२/ राख वाऱ्याबरोबर पूर्वेकडे गेली. यॅकिमा शहरात भर दिवसा काळोख दाटला. सुमारे ५४ कोटी टन राख ५७,००० चौरस किलोमीटरवर पसरली. ती उपसण्यास एकट्या यॅकिमाला १० आठवडे लागले.

३/ ही राख चुलीतल्या राखेसारखी नव्हे. काहीही जळून ती उरलेली नाही. भूगर्भातील शिलारस वर येताना त्यातील वायू फुटतात आणि रसाचा चुरा होतो. काचेचे व खनिजांचे ते बारीक, धारदार कण. मृतांपैकी अनेकांचा श्वास या कणांनीच कोंडला.

४/ आता कुंभाराकडे वळू. भांड्यावरची झिलई, म्हणजेच ग्लेझ, हा काचेचाच पातळ थर. त्यात सिलिका काच घडवते, अ‍ॅल्युमिना तिला ओघळू देत नाही, तर सोडा, पोटॅश आणि चुना तिला वितळवतात. सेंट हेलेन्सच्या राखेत हे सारे आधीच होते. सिलिका तर जवळपास दोन-तृतीयांश!

५/ त्या प्रदेशातील कुंभारांनी राख चाळली, गरजेनुसार चुनखडीसारखा द्रावक मिसळला, पाण्यात कालवून भांड्यांवर चढवली. सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तिची झिलई झाली. राखेतील लोहाने तिला तपकिरी छटा दिली.

६/ याच सुमारास राख बाटल्यांत भरून स्मरणवस्तू म्हणूनही विकली जात होती. मग प्रश्न उरतो: ज्या राखेने माणसे गुदमरली, तिचा चहाचा पेला करणे शोभते का?

७/ उत्तराचा एक धागा भट्टीतच सापडतो. कोरडी राख चाळताना कुंभारालाही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी लागते, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातकच असते. झिलई नीट वितळली की ते कण काचेत कायमचे बंदिस्त होतात. बाटलीतली राख १८ मे रोजी होती तशीच राहते. पेल्यावरची राख मात्र दुसऱ्यांदा अग्नीतून जाते, आणि मगच ओठांना लावण्याजोगी होते.