पाणी कुठवर होतं?

आईला मी ‘बीचवर चाललेय’ असा मेसेज केला. तो खोटा नव्हता. वाटेत बीच लागणारच होता. मी तिथे थांबणार नव्हते, एवढंच तिला कळवलं नव्हतं.

हवाई बेटांपैकी काउआई. नोव्हेंबरातला लाँग वीकेंड. सॅन होजेहून मी आणि मैत्रीण अशा दोघी येणार होतो, पण तिचं रिलीज अडकलं आणि रिलीजबरोबर तीही. माझं तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, म्हणून एकटीच आले. आईला ‘एकटी’ हा शब्दही कळवला नव्हता.

मला हनाकापीआई धबधबा बघायचा होता. सुमारे ३०० फुटांचा. काउआईचा हा वायव्य किनारा म्हणजे ‘ना पाली’. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ ‘कडे’. अष्टविनायकातल्या पालीचा काही संबंध नाही, तरी मला उगाच ओळखीचं वाटलं. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून दोन मैल कड्याच्या कडेने चालायचं, मग हनाकापीआईचा बीच, आणि तिथून दरीत आत आणखी दोन मैल. येऊन-जाऊन आठ मैल. आकडा छोटा दिसतो. पण वाट म्हणजे लाल चिखल, मुळं आणि निसरडे दगड.

बाहेरून येणाऱ्याला इथे आधी बुकिंग करावं लागतं. माझं एकाच दिवसाचं होतं, शटलसकट. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सकाळी साडेआठला निघाले. पहिला मैल नुसता चढ. बाजूला हालाची झाडं, म्हणजे आपल्या केवड्याचे भाऊबंद. खाली निळा समुद्र. सव्वादहाला बीचजवळच्या ओढ्याशी पोचले. आमच्या चिपळूणकडे याला पऱ्या म्हणतील. पाणी गुडघ्याच्या खाली, तळाचा दगडन्‌दगड दिसत होता. पाच पावलं पुढे तो समुद्राला मिळतो. पाटी होती : पाणी वाढलेलं असेल तर ओलांडू नका.

वाढलेलं नव्हतं. माझ्या डोक्यावर ऊन होतं. पण दरीच्या वरच्या टोकाला ढग बसला होता, काळा, खाली आलेला.

माझे बाबा चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान चालवतात. पावसाळ्यात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं : “इथला पाऊस बघू नको, वरचा बघ.” वाशिष्ठी गावातल्या पावसाने नाही, घाटातल्या पावसाने भरते. मी हे ऐकतच मोठी झाले. तो ढग बघितल्यावर ते वाक्य मला आठवलंही. आणि मी पऱ्या ओलांडला. कारण बुकिंग आजचंच होतं.

आतली दरी सुंदर आहे. दगडी बांधांचे जुने वाफे दिसतात, झाडीने गिळलेले. कधीकाळी इथे लोक राहायचे आणि ‘कालो’ पिकवायचे. कालो म्हणजे आपला अळू, तीच वनस्पती. पुढे बांबूचं बन, पेरू, आंबा. एका जुन्या कॉफी गिरणीचे अवशेष. मी आईसाठी फोटो काढत होते आणि ते तिला कसे दाखवणार, याचाही विचार करत होते.

साडेबाराला धबधब्याशी पोचले. कड्यावरून सरळ खाली पाणी, खाली डोह, अंगावर तुषार. दहा मिनिटं बसले. मग पाऊस सुरू झाला.

परत फिरले तेव्हा वरच्या वाटेवरचे दगड पाण्याखाली गेले होते. शेवटच्या ठिकाणी ओलांडताना पाणी मांडीपर्यंत आलं. दोन्ही हातांनी काठी धरून, प्रवाहाकडे तोंड करून, खेकड्यासारखी तिरकी सरकत गेले. तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबले नाही. साडेतीनला बीचजवळ पोचले, तर सकाळचा पऱ्या तिथे नव्हता. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात फांद्या, आणि तळाशी दगड गडगडल्याचा आवाज.

तो आवाज मला माहीत होता.

२२ जुलै २०२१. वर्क फ्रॉम होममुळे मी चिपळूणला होते. पहाटे पाणी बाजारपेठेत शिरलं. आम्ही वर राहतो, खाली दुकान. जमेल तेवढा माल वर आणला. आई म्हणाली, आता पुरे. बाबा “एकदाच” म्हणून पुन्हा उतरले. वरचा पाऊस बघायला शिकवणारा माणूस छातीएवढ्या पाण्यात गेला, उधारीची वही आणायला. जिन्याखाली काहीतरी आपटत, गडगडत होतं. आई वरच्या पायरीवर बसून त्यांच्या नावाने हाका मारत होती. ते आले, गळ्यापर्यंत भिजलेले. वही वाचली, पण शाई सगळी पसरली होती. त्यानंतर कितीतरी महिने गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न एकच : “तुमच्याकडे पाणी कुठवर होतं?”

माझ्या काठावर बाराएक जण होते. दोन मुलं एकमेकांचे हात धरून उतरली. मध्यावर एकाचा पाय सुटला. दुसऱ्याने बॅगेच्या पट्ट्याला धरून त्याला ओढलं. पलीकडे पोचल्यावर दोघं हसले, आणि इकडचे आणखी चार जण बूट घट्ट करायला लागले. मीही. शेवटची शटल चुकली असती. नेटवर्क नव्हतं. फोनची बॅटरी १८ टक्के. माझ्याकडे हेडलॅम्प नव्हता, सहा वाजता अंधार पडणार होता. ओलांडायची कारणं भरपूर होती आणि प्रत्येक कारण खरं होतं.

सह्याद्रीत आम्ही ग्रुपने जायचो. पुढे लीडर दादा असायचा, तो “मागे फिरा” म्हणाला की शिव्या देत फिरायचो. इथे दादा नव्हता. ऑफिसात माझा कोड दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. इथे माझा निर्णय तपासणारं कुणीच नव्हतं. बुटाची नाडी ओढताना मनात आलं : शटल ही माझी उधारीची वही आहे.

मी नाडी सोडली.

पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला. दहा मिनिटांनी तो बुडाला. दुसरा ठेवला, तोही बुडाला. बाजूला पन्नाशीची एक स्थानिक बाई भाच्याबरोबर बसली होती. ती बघत होती. म्हणाली, मला आंटी म्हण. हवाईत मोठ्या बाईला आंटीच म्हणतात. तिने सांगितलं, २०१४ साली याच ओढ्याच्या पुरात अडकलेल्या १२१ जणांना सोडवावं लागलं होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये इथून जवळच्या वाइपा इथे २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस पडला, अमेरिकेतला विक्रम. मी मनात हिशोब केला : १,२६२ मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ होता.

बूट घट्ट केलेल्यांपैकी दोघं माझे दगड बघून परत बसले. बाकीचे दोघं गेले आणि सुखरूप पोचले. हेही सांगायला हवं. थांबलो म्हणून आम्ही शहाणे ठरलो, असं काही नाही. आम्ही फक्त कुडकुडत बसलो. आंटीने केळं दिलं.

सहाव्या दगडाला पाणी लागलं नाही. सातच्या सुमाराला पाचवा दिसला. साडेआठला आंटीच्या हेडलॅम्पच्या उजेडात तळ दिसायला लागला, आणि आम्ही एकेक करून गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. पुढचे दोन मैल तिच्या भाच्याच्या टाचांवर नजर ठेवून चालले. तिनेच गाडीने मला हनालेईला सोडलं.

फोन चार्जिंगला लावला. इथे रात्रीचे साडेअकरा, चिपळूणला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे तीन. आईने व्हिडिओ कॉल उचलला. ओले केस, चिखलाने भरलेले हात. तिने विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं, ‘एकटी’सकट. ती काही बोलली नाही. तिने फोन बाबांकडे दिला.

बाबांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं.

“पाणी कुठवर होतं?”

मी फोन खाली नेला आणि मांडीवर हात ठेवून दाखवला.