दिवसापुरती पिशवी

आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे म्हटले की शहरातले आप्त एकच प्रश्न विचारतात : "एवढे चालवेल का?" अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवस अठरा-एकोणीस, तेव्हा प्रश्न वाजवी आहे. पण चालण्याचे काम पाय पाहून घेतात. दोन दिवस ते कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी त्यांची समजूत पटते आणि पुढे ते आपल्याला विचारीनासे होतात. डोके चालवावे लागते ते सामानाबाबत.

ज्यांनी वारी रस्त्याच्या कडेला उभे राहूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानोबा माउलींच्या पादुका आळंदीहून प्रस्थान ठेवतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती अजून पाळली जाते. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला आणि क्रमांकाप्रमाणे चालण्याची जागाही ठरलेली. पैसे भरून दिंडीत नाव घातले की जेवणाची आणि तंबूची सोय होते. तंबू, भांडी, शिधा आणि सगळ्यांच्या वळकट्या दिंडीच्या ट्रकमध्ये जातात. पूर्वी हेच काम बैलगाड्या करीत.

पहाटे तीनच्या सुमारास जाग येते. अंधारात आंघोळ उरकायची, वळकटी बांधून ट्रकमध्ये टाकायची, आणि मग तिची भेट एकदम संध्याकाळी, पुढच्या तळावर. मधल्या तेरा-चौदा तासांत लागेल ते सगळे आपल्या अंगावर हवे. पाण्याची बाटली, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, पंचा, रक्तदाबाच्या गोळ्या, जाड चष्मा, फोडांवर लावायची चिकटपट्टी, हरिपाठाची पुस्तिका, सुटे पैसे. यादी वाचायला लहान वाटते. या यादीला घर हवे असते, आणि ते घर म्हणजे दिवसापुरती पिशवी.

२०२४ साली मी निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर शबनम पिशवी होती. सभा, ग्रंथालय आणि भाजी या तिन्ही ठिकाणी ती मला वीस वर्षे शोभली आहे. पण वारीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा, मानाचा हिशेब तिथे नसतो. सत्तर वर्षांचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो आणि पोरगा त्याच्या. आपण वाकलो की शबनम खांद्यावरून सुटते, पुढे येते आणि समोर वाकलेल्या माणसाच्या डोक्यात पाण्याच्या बाटलीसह बसते. पुण्यापर्यंत मी असे चार प्रसाद दिले. प्रत्येकाने डोके चोळीत "माउली, माउली" म्हटले, हा त्यांचा मोठेपणा.

पुण्यात दोन रात्री मुक्काम झाला. पुण्याहून सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांब टप्पा, सुमारे ३२ किलोमीटर, त्यात दिवेघाट आणि त्यातही एकादशीचा उपास. घाटात वळण घेता घेता मागे पाहिले तर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या टोप्या आणि रंगीत पदर. त्या चढावर, अर्ध्या वाटेत, माझ्या शबनमचा बंद शिवणीपाशी सुटला. उरलेला घाट ती मी लहान मुलासारखी काखेत घेऊन चढलो.

सासवडला पालखी दोन रात्री थांबते. ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाची, सोपानदेवांची समाधी इथे आहे, आणि माउलींचा मुक्काम असतानाच सोपानकाकांची पालखीही पंढरपूरला निघते. गावात पाय ठेवायला जागा नसते. कोणी फुकट दाढी करून देतो, कोणी वारकऱ्यांचे पाय चेपतो, कोणी चपला शिवतो. अशाच एका गल्लीत ताडपत्रीच्या आडोशाखाली एक शिंपी मशीन मांडून बसला होता. मागच्या दोरीवर पिशव्या टांगलेल्या.

"पाठीवरची लहान पिशवी हवी," मी म्हटले.

"भरायचंय काय, माउली?"

दुकानदार आधी किंमत सांगतो, या अनुभवाने मी जरा गोंधळलो. मग शबनममधले सगळे त्याच्या फळीवर काढून ठेवले. त्याने एकेक वस्तू उचलून पाहिली. हरिपाठाची पुस्तिका कपाळाला लावली. दुर्बिणीचे घर पाहून मात्र हसला. "इठ्ठल लांबून बघणार काय? ही घाला ट्रकात." मग त्याने दोरीवरची मोठी, चार कप्प्यांची पिशवी माझ्या हातून काढून घेतली आणि तिच्या निम्म्या आकाराची पुढे केली. म्हणाला, "पिशवी मोठी घेतली की माणूस रिकामी जागा भरतो. सांजच्यापर्यंत लागतं तेवढंच मावलं पाहिजे."

ती जाड कापडाची होती. पट्टे खाटेच्या नवारीचे, खांद्यावर रुंद, आत घोंगडीच्या कापडाची घडी शिवलेली. वर चेन नव्हती, दोरीने आवळायचे तोंड आणि त्यावर झाकण. "चेन चिखलात अडकती," त्याने कारण दिले. पाण्याच्या बाटलीला बाहेरून वेगळा खिसा. किंमत तीनशे सांगितली. शहरी सवयीने मी दोनशे म्हटले आणि अडीचशेवर आमचे जमले. पाठीवर चढवून मी तिथेच खाली वाकून पाहिले. पिशवी जागची हलली नाही.

मी पैसे मोजत होतो तोवर एक म्हातारी येऊन बाजूला बसली. परभणीकडची होती. तिच्याजवळ जुनी पडशी होती, म्हणजे खांद्यावर टाकायची, एक पोट पुढे आणि एक पोट मागे असलेली. मागचे पोट उसवले होते. शिंप्याने मशीन थांबवून तिची पडशी घेतली, दोन टाके दुहेरी घातले, वर एक ठिगळही लावले. म्हातारीने कनवटीला हात घातला तसा तो म्हणाला, "डागडुजीचं काही नाही, आजी. नव्याचं तेवढं घेतो." म्हणजे आजीच्या ठिगळाचे पैसे आमच्यासारख्यांच्या अडीचशेतून निघत होते. घासाघीस केल्याचे मला तेव्हा फारसे कौतुक वाटले नाही.

"कोणत्या दिंडीत, मावशी?" मी विचारले.

"कुठली दिंडी, दादा? मोकळीच चालते. माउलीच्या मागं."

शेजारी वाण्याचा तराजू होता. शिंप्याने गमतीने दोघांचे ओझे त्यावर ठेवले. माझी नवी पिशवी, बाटली भरून, अडीच किलो. म्हातारीची पडशी सात किलोच्या वर. तिच्यात वाकळ, एक लुगडे, ताटली, तांब्या, पिठाची पुरचुंडी, मीठ-मिरची आणि प्लास्टिकचा मोठा कागद. तिने ती उचलून खांद्यावर टाकली आणि गर्दीत मिसळली. पुन्हा भेटली नाही.

पिशवीने मात्र पुढे चांगली साथ केली. जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात. तिथे ती पिवळी झाली आणि अजून पिवळी आहे. नीरा नदीवर पादुकांना स्नान होते आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. तिथे ती भिजली आणि दोन तासांत वाळली. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. माउलींचा अश्व दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्यातली चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून मी बाटलीच्या खिशात ठेवली. रिंगणानंतर फुगड्या आणि हुतूतू सुरू झाले, तेव्हा सर्वांनी आपापल्या पिशव्या एका जागी टाकल्या. हां हां म्हणता कमरेएवढा ढीग झाला. राखायला कोणी नव्हते. खेळ संपल्यावर माझी पिशवी मला माझ्याच हातांनी मिळाली.

चुकामूक झालीच तर तिचीही सोय आहे. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळे शांत होते. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात. घड्याळ, चष्मा, पैशांचे पाकीट, कापडी पिशवी. शहरात ज्या गोष्टी आपण परत मिळण्याची आशा सोडून देतो, त्या तिथे मोठ्या आवाजात धन्याला शोधत असतात.

फलटण मागे पडल्यावर एका मुक्कामी दुपारपासून पाऊस लागला. तळ काळ्या रानात होता. काळी माती भिजली म्हणजे काय होते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या दिंडीचा ट्रक रस्ता सोडून रानात उतरला तो मागच्या चाकांवर बसला. त्याच्यामागे आणखी तीन गाड्या अडकल्या. अंधार पडला. तंबू ट्रकात, वळकट्या ट्रकात, चूलही ट्रकात. आमच्या दिंडीतले सव्वाशे लोक बांधावर ओळीने उभे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर सुटसुटीत, हलकी, दिवसापुरती पिशवी. तिच्यातला दिवस संपला होता.

आमच्याबरोबर साठीपुढच्या सहा-सात बायका होत्या. एकीला मधुमेह होता. तिची गोळी तिच्याजवळ होती, पण ती घ्यायची तर पोटात काही हवे. तिचे हात थरथरू लागले. माझ्याजवळचा राजगिऱ्याचा लाडू दुपारीच संपला होता.

बांधापलीकडे बाभळीखाली प्लास्टिकचा कागद ताणून पाच-सहा माणसे बसली होती. जालन्याकडची, मोकळी चालणारी. तीन दगडांवर त्यांची भाकरी चालली होती. त्यांतल्या एकीने आमच्याकडे पाहिले आणि हाक मारली, "माउली, पावसात कशाला उभं ऱ्हाता? या की आत." 'आत' म्हणजे त्या कागदाखाली. मधुमेहाच्या बाईंना त्यांनी पहिल्यांदा गूळ दिला, मग अर्धी भाकरी. अर्ध्या तासाने त्यांचा थरकाप थांबला. मग त्या घरच्यासारख्या पाय पसरून बसल्या आणि यजमानीणबाईंना नातवंडांची नावे सांगू लागल्या. आम्ही आळीपाळीने आत बसलो. ट्रॅक्टर लावून ट्रक निघाला तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. दिंडीचालक महाराजांनी त्या मंडळींना शिधा देऊ केला. त्यांनी कणीक घेतली, तांदूळ परत केला. "तांदूळ वागवायचा कुणी?" म्हणाले.

त्या रात्री वळकटीवर पडल्यावर सासवडचा तराजू डोळ्यांपुढे आला. माझ्या अडीच किलोंना मी तोवर माझी कमाई समजत होतो. गरजा कमी केल्या, ओझे उतरले, असे काहीतरी. पुस्तकांतून आपण तसे वाचतोही. पण माझी गादी ट्रकात होती, माझे जेवण आचाऱ्याच्या चुलीवर होते, माझे छप्पर दहा माणसे रोज ठोकीत आणि उपटीत होती. ओझे कुठेच गेले नव्हते. ते दुसऱ्याच्या खांद्यावर होते, म्हणून माझा खांदा मोकळा होता. पडशीवाल्यांचे सगळे त्यांच्याजवळ होते, म्हणून त्यांना दुसऱ्याला 'आत' बोलावता येत होते.

यात लाज वाटण्याजोगे काही नाही. सगळ्यांनी सात किलो वाहिलेच पाहिजेत असा कुठे नियम नाही, आणि माझ्या वयाला तो झेपणारही नाही. वारी चालते तीच मुळी वाटून घेतलेल्या ओझ्यांवर. टँकर पाणी वाहतो, वीणेकरी वीणा वाहतो, कोणी बाई तुळशीवृंदावन डोक्यावर वाहते. आपल्या वाट्याचे कोण वाहतो आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवसापासून पहाटे ट्रक भरायला मी जाऊ लागलो. मला फार काही उचलता येत नसे. तंबूच्या खुंट्या मोजून पोत्यात भरण्याचे काम माझ्याकडे आले आणि वाखरीपर्यंत एकही खुंटी कमी पडली नाही.

पिशवी अजून चांगली आहे. नवारीचे पट्टे जराही सैल झालेले नाहीत. पुढच्या आषाढीला ज्यांना निघायचे असेल त्यांनी ती अशीच, लहानच घ्यावी. पाणी, गोळ्या, पंचा, चिकटपट्टी ही यादी वर दिलीच आहे. तिच्यात माझ्याकडून तीन वस्तूंची भर : गुळाचा खडा, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, आणि प्लास्टिकचा कागद, निदान चार माणसांना पुरेल एवढा. घडी नीट घातली तर तो मावतो. मी मोजून पाहिले आहे.